श्वासापुरती दोन बोटं

आमच्या घरात माझ्या मापाचा कपडा कधी आलाच नाही. हे मी तक्रार म्हणून नाही, पुरावा म्हणून सांगते. शाळेचा फ्रॉक यायचा तो पुढच्या दोन वर्षांचा, स्वेटर यायचा तो मामाच्या मोठ्या मुलीचा, आणि चपला अशा की पुढं कापसाचा बोळा कोंबल्याशिवाय पाय थांबत नसे. 'वाढतं अंग हाय, वाढतं माप घे,' हे वाक्य माझ्या आईनं जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा तिनं देवाचं नावही घेतलं नसेल. मी वाढायचे, पण कपडा माझ्याआधी विटायचा. म्हणजे ज्या दिवशी तो नेमका अंगाला येई, त्याच दिवशी काखेत उसवलेला असे. मग तो पायपुसणं व्हायचा आणि पुन्हा दोन वर्षं पुढचा नवा यायचा. आयुष्यभर पुढच्या मुलीचे कपडे घालून फिरायचं आणि ती मुलगी कधी भेटायचीच नाही. तिशीच्या आत आत्मकथन कसलं लिहितेस, असं मला विचारणारे आहेत. त्यांना माझं उत्तर इतकंच, की जे अंगावर उलटलं ते ताजं असताना लिहावं. म्हातारपणी माणूस फार क्षमा करतो.

आमचं गाव वैनगंगेच्या काठापासून थोडं आत, मार्कंड्याच्या शिवमंदिराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर. घर मातीचं, पुढं सपरी म्हणजे ओसरी, मागं सांदवाडी म्हणजे परसू. सपरीत धानाची पोती आणि त्यांच्यावर कायम एखादी मांजर. पहाटे आई चूल पेटवायची तेव्हा ओल्या लाकडाची फुसफूस ऐकू यायची, मग लाखोळीच्या डाळीला फोडणी, मग गावातल्या धानगिरणीचा पट्टा फिरायला लागला की समजायचं, सात वाजले. जेवायला भात, डाळ आणि वाळल्या झिंग्यांची चटणी. ती चटणी आई अशी वाटायची की शेजारच्या तीन घरांना भूक लागे. बाबा धान आणि बैल यांच्यापलीकडं फारसं बोलत नसत. घरातला कायदा आईचा होता, आणि मी पंधराव्या वर्षात पाय ठेवल्यावर त्या कायद्यात रोज एक नवं कलम पडायला लागलं. नदीवर एकटीनं जायचं नाही. चौकात थांबायचं नाही. मोठ्यानं हसायचं नाही. हळू चालायचं. "मोठी झाली आता तू," एवढं एकच कारण सगळ्या कलमांखाली असायचं.

आणि नेमका त्याच वर्षी शाळेत फुटबॉल आला. नवे सर बदलून आले होते, त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून एक बॉल आणला. मुलांनी कबड्डी सोडायला नकार दिला, म्हणून सरांनी तो मुलींकडं ढकलला. अशा रीतीनं, उरलेलं आपल्याला मिळतं या नियमानं, आम्हाला आयुष्यातली सर्वांत चांगली गोष्ट मिळाली. मैदान म्हणजे कापणी झालेली धानाची बांधी. बांधीचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, ही बाजूची रेषा. खुंटं पायात टोचायची, पण त्यामुळं पाय उचलायची सवय लागली आणि सर म्हणायचे, तुमच्यासारखे गुडघे वर घेऊन पळणारं दुसरं कुणी तालुक्यात नाही. आमची गोलकीपर चंदा. ती कालव्यापलीकडच्या जंगलटोल्यावरून यायची. तिच्या घरी मोह, तेंदू आणि थोडंसं धान. झाडावरून सुटलेला आंबा जमिनीला लागू न देता झेलायची तिची लहानपणापासूनची ख्याती. सरांनी तिला गोलात उभं केलं आणि त्यानंतर आमच्यात कुणाला वाद घालायचं कारण उरलं नाही. मला त्यांनी कप्तान केलं, कारण मी सगळ्यांत जास्त भांडायचे.

तालुक्याच्या सामन्यांत नाव घातलं तेव्हा सर म्हणाले, सगळ्यांना एकसारखे शर्ट लागतील. गावातून त्यांनी वर्गणी जमवली आणि मला सांगितलं, मार्कंड्याच्या जत्रेत शर्ट लागतात, तू बघून घे. आईला महाशिवरात्रीला जायचंच होतं. तिनं सर्वांसमोर, सपरीच्या पायरीवर बसून, अट घातली.

"नेतो मी हिले. पन शर्टावरून गावात कोनी एक बोल बोललं, तं फुटबॉल बंद. तोंड वर करून मले विचाराचं नाई मंग."

मी हो म्हटलं. मला काय ठाऊक, ती अट कोणत्या बाजूनं अंगावर येणार होती.

आमच्याकडं जत्रेला न येणाऱ्या माणसासाठी कपडा आणायचा तर त्याच्या छातीभोवती सुतळी फिरवून, गाठ मारून, ती सुतळी सोबत द्यायची रीत. टेप असतो शिंप्याकडं. घरात सुतळी. जत्रेच्या आदल्या दिवशी माझ्याकडं दहा सुतळ्या जमल्या, प्रत्येकीची खूण वेगळी. चंदाच्या सुतळीला कोंबडीचं पीस, कुणाच्या टोकाला मणी, कुणाची हळदीनं पिवळी केलेली, एकीनं तर खूण म्हणून आपल्या रिबिनीचा तुकडाच बांधला होता. मी त्या सगळ्या कंपासपेटीत भरल्या. आणि मग, कबूल करते, रात्री जेवण झाल्यावर मी त्या पुन्हा बाहेर काढल्या आणि प्रत्येकीची गाठ चार बोटं पुढं सरकवली. कप्तान मी होते. माझ्यामुळं एखादीचा शर्ट घट्ट यावा आणि तिचं खेळणं थांबावं, हे मला परवडणारं नव्हतं. तेव्हा मला वाटलं होतं, मी फार शहाणपणाचं काम करते आहे.

मार्कंड्याला वाळूत दुकानं लागलेली. बांगड्या, उसाचा रस, पाळणे, आणि देवळाकडून येणारी घंटा. शर्टवाला बांबूला शर्ट टांगून उभा होता. पाठीवर कुण्या परदेशी खेळाडूंची नावं. आम्ही बिनानावाचे पिवळे निवडले. मी सुतळ्या काढल्या तसा तो हसला.

"कोनासाठी पायजे बाई?"

"पोरीयसाठी," आई म्हणाली. "फुटबॉल खेळतेत."

"पोरी? मंग एक नंबर मोठाच न्या. आन हा कपडा पान्यात आटते बरं."

तो कपडा गुळगुळीत, चकचकीत, प्लास्टिकचा भाऊ. तो आजतागायत आटलेला नाही. मी त्या माणसाला शोधत असते. पण आई आधीच एक शर्ट माझ्या खांद्याला लावून पाहत होती. तो मांडीपर्यंत येत होता.

"यापरीस मोठा नाई का?"

"यापरीस मोठा म्हंजे तंबू होते बाई."

आईनं प्रत्येक सुतळीला एक नंबर वाढवून, तंबूच्या जरा अलीकडचे अकरा शर्ट घेतले.

सामन्याच्या दिवशी तालुक्याच्या मैदानावर आम्ही पिवळ्या शर्टांत उतरलो. बाह्या कोपराच्या खाली, घेर वाऱ्यानं फुगलेला. काठावरच्या पोरांनी आम्हाला पाहिलं मात्र, आणि एक ओरडला, "नाटकाची पार्टी आली रे! तुमच्यातला राजा कोन व्हय?" मैदान हसलं. आमच्या भागात हिवाळाभर गावोगाव नाटकं होतात, राजाराणीचे झगे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात, त्यामुळं हा टोमणा समजायला कुणालाच वेळ लागला नाही. तरीही आम्ही चांगलं खेळलो. हे मी आग्रहानं लिहून ठेवते, कारण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दुसऱ्या सत्रात एक साधा, लहान मुलानं मारावा तसा बॉल चंदाकडं आला. तिनं हात पुढं केले. पण हातांच्या आधी बाह्या पुढं गेल्या, बॉल त्या निसरड्या कापडावरून सुटला आणि आत गेला. आंबा जमिनीला न लागू देणारी चंदा आपल्या बाहीकडं असं पाहत राहिली, जसं कुणी तिचा हात चोरून नेलाय. शेवटाला मी बॉल घेऊन एकटी सुटले. समोर फक्त त्यांची गोलकीपर. तेवढ्यात मागच्या मुलीनं माझ्या शर्टाचा घेर मुठीत धरला. दावणीला बांधलेलं वासरू धावतं आणि दावं संपल्यावर जसं गपकन थांबतं, तशी मी थांबले. बॉल एकटाच पुढं गेला. पंचाची पाठ होती. आम्ही एका गोलनं हरलो.

मी घरी पोचायच्या आत ती बातमी पोचली होती. शेजारच्या काकूंचा मुलगा मैदानावर होता. आई चुलीपुढं बसली होती. मान वर न करता म्हणाली, "हासले म्हंते लोक."

"शर्ट ढगळ होता म्हणून हसले! तूच मोठा घ्यायला लावला."

"काऊन हासले ते मले नको सांगू. हासले ना? मंग झालं. बंद."

पुढचा सामना एका आठवड्यावर होता. प्रत्येक संघाचे दोन सामने ठरलेले, हा दुसरा आणि शेवटचा. लोकांनी बोलू नये म्हणून मोठा शर्ट घ्यायचा, शर्ट मोठा म्हणून लोकांनी बोलायचं, आणि लोक बोलले म्हणून मुलीनं घरी बसायचं. या सगळ्यात मुलगी कुठं आहे? मी हा प्रश्न त्या रात्री उशीत तोंड खुपसून विचारला, आणि सकाळी बियाण्याच्या जाहिरातीच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं लिहिला. माझं पहिलं पत्रक. 'गावातील सर्व मातांना जाहीर प्रश्न,' असा मथळा. 'धान रोवण्याच्या दिवशी तुम्ही लुगडं गुडघ्याच्या वर खोचून बांधीत उतरता. तेव्हा गाव बोलत नाही, कारण लोळतं लुगडं घेऊन रोवणा होत नाही हे गावाला कळतं. मग लोळता शर्ट घालून फुटबॉल होत नाही, हे गावाला का कळू नये?' खाली माझं पूर्ण नाव. शाळेत जाताना मी तो कागद भातानं पिठाच्या गिरणीच्या दारावर चिकटवला.

आईला वाचता येत नव्हतं. गिरणीशेजारी कवडूभाऊंचं शिलाई मशीन होतं, त्यांनी तो कागद दळणाला आलेल्या बायकांना नाटकातल्या आवाजात वाचून दाखवला. माझी आई त्या बायकांत होती.

"माह्या लुगड्यावर लिवलं? गिरनीवर? साऱ्या गावासमोर?" त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट माझ्यापुढं ठेवायची, पण माझ्याकडं न बघता. झिंग्याची चटणी मात्र ताटात असायची. तेव्हापासून मी शेकड्यांनी पत्रकं लिहिली. मुलींच्या वसतिगृहातल्या दरवाज्यांच्या कड्यांसाठी, तिथल्या पाण्यासाठी, आणि वाटपाला येणाऱ्या त्या 'फ्री साईज' नावाच्या अपमानासाठी. फ्री साईज म्हणजे कुणाचंच माप न घेतलेला कपडा. पण खरं सांगायचं तर पत्रकानं कधी कुणाची आई बदललेली मी पाहिली नाही. पत्रकानं फार तर बायका एका जागी जमतात. पुढचं काम दुसरंच कुणीतरी करतं.

इथं ते कवडूभाऊंनी केलं. कवडूभाऊ नाटकमंडळ्यांचे पोशाख शिवायचे. त्यांनी निरोप धाडला, शर्ट मी मापात करून देतो, मजुरी नको, पण पोरी आणि त्यांच्या माया दोघी पायजेत, आणि त्या सुतळ्याबी आणा. शुक्रवारी दुपारी गिरणीच्या सावलीत आम्ही सगळ्या जमलो. आईही आली, पण माझ्यापासून चार पावलं लांब बसली.

"पाहा बायायहो," कवडूभाऊ म्हणाले, "मी राजाचा झगा ढगळ शिवतो, मागून नाड्या लावतो. काऊन? तर एकच झगा तीन राजे घालतेत. आन राजा नाटकात उभा राह्यते. पळत नाई. ज्याले पळाचं हाय त्याले माप पायजे." त्यांनी कंपासपेटीतून कोंबडीच्या पिसाची सुतळी उचलली आणि टेपाशेजारी ताणली. "चाळीस. कोनाची व्हय?"

चंदा उठली. पावसाळ्यातल्या बांबूच्या कोंबासारखी चंदा. कवडूभाऊंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

"तीस हाय ही. जास्तीत जास्त. मंग बाकीचे दहा इंच कोन व्हय वो? पाव्हना आला होता का माप द्याले?"

बायका फसकन हसल्या. चंदाची आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मी अर्धी वीत सोडली होती, भाऊ. लोकाच्या नजरा बेकार राह्यते."

"त्याच्या आंधी मी चार बोटं सोडली होती," चंदा पुटपुटली. "माय वरडन म्हनून."

आता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, ते मला सांगावं लागलं. "मी बी सगळ्यांच्या गाठी सरकवल्या. चार-चार बोटं."

मग एकीनं कबूल केलं, मग दुसरीनं. मी एक मूठ. मी दुहेरी सुतळी धरली. मी दुपट्ट्यावरून माप घेतलं. सगळ्यांच्या शेवटी, चार पावलांवरून, माझी आई खालच्या मानेनं म्हणाली, "आन दुकानात मी आनखी एक नंबर वाढोला." ती हसत नव्हती, पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला, आणि मग सगळ्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. एका तीस इंचाच्या मुलीवर चौघींनी आपापली भीती घातली होती. त्यातली एक मी होते. हे मला पत्रकात कधी लिहिता आलं नाही.

"मी पोरीयले माप घ्याले हात लावत नाई," कवडूभाऊ म्हणाले. "आपापल्या मायनं घरी घ्याचं. पन खरं घ्याचं. खोटं आनलं तं शर्टबी खोटाच होईन."

घरी आल्यावर आईनं मला सांदवाडीत नेलं. वालाच्या वेलामागं लाकडं रचलेली होती, तिथं आडोसा होता. कमरेला खोचलेली नवी सुतळी तिनं काढली. "हात वर कर." मी हात वर केले. तिचे हात मोह वेचून चिकट, गोड वासाचे झाले होते. इतक्या जवळून तिनं मला हात लावला होता तो मी न्हाऊ घालायच्या वयाची असताना. सुतळी पाठीमागून फिरली, पुढं आली, तिनं चिमटीत धरली. पाहिली. सोडून पुन्हा फिरवली.

"श्वास ओढून धरला काय?"

"नाही."

तिनं तिसऱ्यांदा माप घेतलं. मग ती सुतळी दोन्ही हातांत धरून उन्हात उभी राहिली, जणू ती मोजायची नसून वाचायची होती.

"एवढीच हायेस तू?"

माझ्याकडं तयार उत्तरं होती. चार दिवस मी दुसरं पत्रक मनात लिहीत होते. ते तिथंच सोडून मी हात खाली घेतले.

"मले वाटे, लय मोठी झाली," आई म्हणाली. तिनं लाकडांवर टेकून बसत सुतळीकडं पुन्हा पाहिलं. "रोज वाटे. दारातून बाहेर गेली का असं वाटे, का साऱ्या गावाले दिसतेस तू. अन हायेस एवढीशी."

मग ती उठली. सुतळी पुन्हा माझ्याभोवती घेतली, माझ्या बरगडीशी आपली दोन बोटं आत सरकवली, आणि त्या बोटांवरून गाठ मारली. "श्वासाले दोन बोटं पायजे," म्हणाली. "जास्त नाई." आणि वळून आत जाता जाता, जशी एखादी विसरलेली गोष्ट आठवावी तशी: "आइतवारी मी बी येतो. पाहतो कोन काय बोलते ते."

कवडूभाऊंनी शनिवारभर मशीन चालवलं. रविवारी आम्ही त्याच मैदानावर उतरलो, तेच पिवळे शर्ट, पण आता त्यांना खांदे जिथं असतात तिथं खांदे होते. काठावरचा तोच पोरगा ओरडला, "राजा कुठी गेला वो?" त्याच्या मागून एक आवाज आला, "घरी गेला, आंघोळ कराले. तू बी जा." त्या आवाजाची बाई माझी आई होती. समोरचा संघ आमच्याहून मोठा, बूट घातलेला. त्यांनी आधी गोल केला. चंदानं त्यानंतर तीन बॉल असे अडवले की सर मैदानाबाहेर पाठ फिरवून डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणत होते.

शेवटी मी पुन्हा एकटी सुटले. तीच बाजू, मागं तशीच धापा टाकणारी एक मुलगी. मला तिच्या पायांचा आवाज जवळ येताना ऐकू आला, आणि मग पाठीशी तिचा हात आला, तो मला वाऱ्यासारखा जाणवला. हात मिटला. मुठीत काहीच आलं नाही. पुन्हा आला, पुन्हा रिकामा गेला. माझ्या पाठीवर पकडण्यासारखं काही उरलं नव्हतं. फक्त मी होते, आणि श्वासापुरती दोन बोटं. बॉल मी अंगठ्यानं मारला, सर जसा मारू नका म्हणायचे अगदी तसाच, आणि तो खांबाला लागून आत गेला. सामना बरोबरीत सुटला. स्पर्धेत आम्ही पुढं गेलो नाही. पण पुढच्या वर्षी आमच्या गावातून दोन संघ गेले, आणि दोन्हींची मापं आयांनीच घेतली, सांदवाडीत, दोन बोटं ठेवून.

त्या गोलचं मला फारसं काही आठवत नाही, बॉल आत गेल्यावर कोण कोण अंगावर पडलं तेही नाही. त्याच्या आधीचं आठवतं. ती मूठ रिकामी मिटली त्याच क्षणी काठावरून आलेला आवाज. मला रोज हळू चाल म्हणणारी बाई लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून रेषेच्या कडेकडेनं माझ्या जोडीनं धावत होती, आणि साऱ्या तालुक्यासमोर ओरडत होती, "पळ वो माय! पळ! थांबू नको!"